म्या घर म्हनलं व्हतं

कमरुन्निसा औरंगाबादजवळच्या बिडकीनला जन्मली. बिडकीनच्या आडाचे पाणी प्याली, तिथल्या मातीत रांगली, तिथल्याच मराठीत रुसली आणि हसली. तरीही पन्नाशीच्या उंबऱ्याशी आल्यावर, ‘मी इथली आहे’ हे एवढेसे वाक्य सरकारच्या कागदावर चढावे म्हणून तिला हात जोडून उभे राहावे लागले. तिचे मागणे थोर नव्हते. धन नको होते, मान नको होता. ज्या मातीतून देवाने उचलून तिला या जगात ठेवले, त्याच मातीवर उरलेले दिवस काढावेत आणि कुणी तिला तिथून उठवू नये, एवढेच तिचे मागणे.

तिचे वडील निजामाच्या काळात करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होते. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, हे त्या खात्याचे काम. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, नाका उठला. त्या भयाच्या दिवसांत तिचे चुलते बायकापोरे घेऊन कराचीला निघून गेले. वडील मात्र हलले नाहीत. ते म्हणत, “नाका उठला, म्या कशाला उठू?” पण भावाभावांतला धागा तुटू नये म्हणून निघण्याआधी शब्द दिला-घेतला गेला होता. कमरू चुलत्याच्या थोरल्या मुलाला द्यायची. देश दोन झाले, शब्द एकच राहिला. मुलगी वयात आली आणि मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसली. सीमा म्हणजे काय, हे तिला तेव्हा कुणी सांगितले नव्हते. तिला वाटले, सासर जरा लांबचे आहे.

नवरा कराचीच्या गोदीत कारकून होता. गरीब स्वभावाचा, वागायला निर्मळ. मूलबाळ झाले नाही. त्या घरात सगळे उर्दू बोलत आणि कमरूही बोले. पण दूध उतू गेले, बोट कापले, अंगणात कोंबड्या शिरल्या, की तिच्या तोंडून मराठीच निघे. सासू हसून शेजारणींना सांगे, “बहू तो हमारी है, पर मुर्गियाँ बिडकीन की हैं.” पुढे युद्धे झाली, वाटा बंद झाल्या. वडिलांच्या मरणाची बातमी तिला पुष्कळ उशिरा कळली. रडायची वेळ निघून गेली होती, तरी ती रडली. मग नवराही गेला. वाटा पुन्हा उघडल्या, तशी ती लाहोर-अमृतसरच्या मार्गाने निघाली आणि औरंगाबादला, भाऊ चांदपाशाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात हिरवे पारपत्र होते आणि त्यावर तीन महिन्यांच्या मुक्कामाचा शिक्का.

चांदपाशाचे शहागंजात बांगड्यांचे दुकान होते. दिवसभर तो लेकीसुनांच्या हातांत बांगड्या भरी. त्या दिवशी बहिणीचे रिकामे हात पाहून त्याच्याने बोलवेना. त्याची बायको जमिला मात्र बोलायला कधी अडत नसे. ती म्हणाली, “आत या की आपा. दारात उभं राहून शिक्का वाळवता का?”

शिक्क्याची मुदत सरली. मुदतवाढ मिळाली, पुन्हा एकदा मिळाली, आणि मग पोलिसांची नोटीस आली, की एकतर परत जा, नाहीतर नागरिकत्वासाठी रीतसर अर्ज करून काय तो निकाल लावून घ्या. चांदपाशा ज्या ज्या वकिलाच्या पायरीवर गेला, तो तो वकील ‘पाकिस्तान’ हा शब्द ऐकताच चष्मा काढून ठेवी. शेवटी कुणीतरी सांगितले, शहरातल्या एका विधी महाविद्यालयात साहाय्य केंद्र निघाले आहे. शिकणारी मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली गोरगरिबांचे अर्ज लिहून देतात. लोकांचे काम होते आणि मुलांचे प्रात्यक्षिक होते.

जमिला म्हणाली, “म्हंजी पोरं आपांच्या कागदावर हात बसवनार.”

“कुनाच्या तरी कागदावर बसवनारच,” कमरू म्हणाली, “माझ्या बसवू दे.”

पहिल्या दिवशी मुलांचा घोळका आला. दुसऱ्या खेपेला तो निम्मा झाला आणि पुढे एकटा पुंजाराम येत राहिला. तो बिडकीनच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, शेतकऱ्याघरचा. त्यांच्या साऱ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. कमरूच्या तोंडची मराठी ऐकून तो थक्क झाला. दिवसभराला ती ‘इळनमाळ’ म्हणे, वाईटाला ‘वंगाळ’ म्हणे. त्याच्या आजीच्या तोंडचे शब्द, जे त्याने शहरात येताना लाजून मागे टाकले होते, ते या बाईने समुद्रापलीकडे नेले होते, सांभाळले होते, आणि एकही न हरवता परत आणले होते. तो तिला चांदपाशाच्या मुलांसारखे ‘फूफी’ म्हणू लागला. फूफी म्हणजे आत्या. ती त्याला ‘लेकरा’ म्हणे. केंद्राचे काम घटकाभराचे असे आणि बसणे सांजेपर्यंतचे. गावाहून येताना तो हरभऱ्याचा कोवळा पाला आणी. ती त्याची भाजी करी आणि तो जेवत असताना समोर बसून त्याच्याकडे पाही. ज्या कुशीत देवाने मूल घातले नव्हते, त्या कुशीला जणू उशिराने हाक आली होती. माया अशीच असते. ती जात विचारत नाही, पारपत्र पाहत नाही, आणि सावधही राहत नाही.

जमिला चुलीपाशून चिडवी. “आपा, तुमचा वकील आला. आधी भाकर वाढा, मंग कायदा.”

पुंजारामही कमी नव्हता. “चाची, भाकर हीच आमची फी. वाढत ऱ्हा, केस लांबवत ऱ्हातो.”

अर्जाला एक शपथेवरचे निवेदन जोडायचे होते. साऱ्या अर्जाचा जीव त्यातच होता. अर्जदार या देशात पाहुणी म्हणून आलेली नाही, कायमची राहायला आली आहे, हे त्या निवेदनावरून ठरायचे होते. पुंजाराम मांडी घालून बसला, मांडीवर पाटी, पाटीवर कोरा कागद.

“सांगा फूफी. तुमी इथं का आल्या?”

“घरी आले.”

“अजून सांगा.”

“अजून काय सांगू? घर हाय, घरी आले. तू वस्तीवर जातो, तवा काय सांगतो?”

पुंजारामने लिहिलेले शब्द पाहिले आणि लेखणी थांबवली. “फूफी, घर काय कुनीबी म्हनतं. भाड्याच्या खोलीलाबी घर म्हनत्यात. वाचनाऱ्या साहेबाचं काळीज हललं पायजे. इथं आपन माहेर लिहू. ‘मी माझ्या माहेरी आले आहे.’ बघा, माझ्याच अंगावर काटा आला.”

“माहेर?” कमरू घुटमळली. “म्या तर घर म्हनलं.”

“एकच ते.”

“एकच हाय?”

“मराठीत याच्यापरीस गोड शब्द नाय, फूफी.”

आणि खरोखरच नाही. या शब्दात आईचा हात आहे, न्हाणीघरातले ऊन पाणी आहे, ‘कधी आलीस, वाळलीस किती’ हा प्रश्न आहे. आपल्या संतसज्जनांना देवाच्या पायांसाठी याहून जवळचा शब्द सापडला नाही. पुंजारामच्या मनात लबाडीचा लवलेशही नव्हता. जे त्याच्याजवळ सर्वांत मोलाचे होते ते त्याने त्या कागदावर वाहिले. त्याने ‘घर’ खोडले, ‘माहेर’ लिहिले, सारे पुन्हा स्वच्छ उतरवले. कमरूने उर्दूत सही केली. तिने ते वाचून घेतले नाही. आपल्या माणसाने लिहिलेले काय वाचायचे?

“वकीलसाहेब,” जमिलाने आतून हाक दिली, “माहेर लिहून झालं असंल तर हात धुवा.”

सुनावणीच्या दिवशी चांदपाशाने दुकान उघडलेच नाही. कमरूने धुतलेली पांढरी ओढणी घेतली, पहाटेच्या नमाजात नेहमीपेक्षा जास्त वेळ कपाळ टेकले आणि भावासोबत कचेरीत आली. पुंजाराम काळा कोट घालून आधीच उभा होता. कोट कुणाचातरी मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्याच्यासोबत केंद्राचे प्रमुख, प्राध्यापक काकासाहेब होते. कडक इस्त्रीतले, मोजके बोलणारे गृहस्थ. कमरूने पुंजारामच्या बाह्यांकडे पाहिले आणि तिला हसू आले, त्यालाही आले.

सुनावणी घेणारे साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी कमरूला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि निवेदन स्वतः मोठ्याने वाचले. “‘मी माझ्या माहेरी आले आहे.’ छान लिहिलंय.” पुंजारामच्या चेहऱ्यावर तेज आले. साहेबांनी कागद खाली ठेवला.

“बाई, मला दोन लेकी आहेत. दिवाळीला दोघी माहेरी येतात. चार दिवस राहतात, गोडधोड खातात, आणि जातात. माहेरी आलेली बाई जाते. ती जिथं जाते, ते तिचं घर. म्हणजे तुमचं घर कराचीला आहे आणि इथं तुम्ही भेटीला आला आहात. तुमच्याच कागदावरून तसं होतंय, नाही का?”

कमरूला आधी वाटले, साहेब थट्टा करताहेत. ती हसली. मग तिला चांदपाशाचा चेहरा दिसला. ज्याच्या दुकानात रोज माहेरवाशिणी बांगड्या भरायला येत आणि चार दिवसांनी गावी परतत, त्याला साहेबांचे बोलणे पुरते कळले होते.

“नाय साहेब,” कमरू म्हणाली. “म्या घर म्हनलं व्हतं. माहेर ह्या लेकरानं घातलं, गोड लागतं म्हनून. पुसा त्याला.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरातल्या लाडक्या पोराची खोडी पाहुण्याला सांगावी, तशा कौतुकाने ती बोलली आणि पुंजारामकडे वळून पाहू लागली. आता तो सांगेल, साहेब हसतील, कागदावरचा शब्द बदलेल आणि आपण घरी जाऊ. तिच्या मनात शंकेला जागा कुठे होती?

साहेबांची नजर पुंजारामवर गेली. “काय हो? अशिलाचं निवेदन तुम्ही बदललंत?”

पुंजारामने काकासाहेबांकडे पाहिले. काकासाहेब पेनाचे टोपण लावत होते. ते लागले होते तरी लावत होते.

“नाही साहेब. अर्जदार बाईंनी जे सांगितलं, तेच लिहून घेतलं.”

अर्जदार बाई. क्षणभर कमरूने मागे वळून पाहिले, ही अर्जदार बाई कोण आली म्हणून. मागे भिंत होती.

“साहेब,” चांदपाशा पुढे झाला, “माझी बायको चुलीपाशी बसेल व्हती. तिनं सोता ऐकलं. आपा घरच म्हनल्या.”

“घरची माणसं घरच्यांचंच सांगणार,” साहेब मऊपणाने म्हणाले आणि लिहू लागले. शपथेवर एक सांगितले, तोंडाने दुसरे सांगितले, कायम राहण्याचा हेतू सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर. वय आणि वैधव्य पाहता, भेटीसाठी आलेली परदेशी व्यक्ती म्हणून एक वर्ष राहण्याची परवानगी, पुढे दर वर्षी येऊन ती वाढवून घ्यावी. त्यांनी ते वाचून दाखवले आणि कमरूने मान हलवली, जशी माणसे न कळलेल्या गोष्टीला हलवतात.

बाहेर आल्यावर पुंजाराम दिसला नाही. रिक्षात बसल्यावर तिने भावाला विचारले, “चांद, म्या खोटं बोलले, असं लिहिलं का रे त्यांनी?”

“तसं नाय लिहिलं.”

“मंग कसं लिहिलं?”

चांदपाशाने रिक्षावाल्याला शहागंजाकडे वळायला सांगितले.

त्या आठवड्यात ती दुपारची झोपली नाही. दाराची कडी वाजली की आधी उठे. मनाशी म्हणे, पोर घाबरलं असंल. एवढा मोठा साहेब, एवढी मोठी खुर्ची. येईल, मान खाली घालून बसेल, आपण दोन शब्द बोलू आणि वाढू. क्षमा तिच्या ओठांवर तयार होती. घेणारा आला नाही. आले ते काकासाहेब.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. हातात महाविद्यालयाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण होते. “बाई, वर्षाचा परवाना मिळाला, हेही थोडं नाही. केंद्राचं हे मोठं यश आहे. वार्षिक समारंभात तुमचा सत्कार करायचा ठरलंय.”

“पुंजाराम बरा हाय ना?” कमरूने विचारले.

“अभ्यासात आहे.”

“माहेर त्यानं लिहिलं, म्या नाय. तुमाला ठावं हाय का, सर?”

काकासाहेबांनी रुमालाने चष्मा पुसला. “ठाऊक आहे. सुनावणीच्या दिवशीच सांगितलं त्यानं मला. रडला हो. पण केंद्राचा पहिला नियम तोच आहे, अशिलाच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. आता ते उकरलं तर त्याचं प्रात्यक्षिक रद्द होईल, वर्ष जाईल. केंद्रही बंद पडेल. मागे किती गरीब अशील आहेत. तुम्ही समजूतदार आहात.”

“समजूतदार हायेत म्हनूनच सापडल्या,” जमिला दारातून म्हणाली.

आतापर्यंत कमरूला वाटत होते, पोराचा पाय घसरला. आता कळले, पाय घसरला नव्हता. दोघे शिकलेले पुरुष एका खोलीत बसले होते. त्यांनी तराजूच्या एका पारड्यात एका मुलाचे वर्ष ठेवले, एका संस्थेचे नाव ठेवले. दुसऱ्या पारड्यात तिला ठेवले, आणि ती हलकी भरली. तिच्या पाठीमागे तिचे वजन झाले होते आणि ते सांगायला माणूस तिच्याच घरी निमंत्रण घेऊन आला होता. शत्रूने मारले तर माणूस हात वर करतो. आपल्याने मारले तर हात वर करायचेही सुचत नाही, कारण हात त्याला जवळ घेण्यासाठी आधीच पसरलेले असतात.

“येईन,” ती म्हणाली. जमिलाला नवल वाटले. पण कमरूला एकदा त्या मुलाचे तोंड पाहायचे होते.

समारंभाला मांडव होता, फुले होती, पुढच्या रांगेत पाहुणे होते. केंद्राच्या कामाचा अहवाल वाचला गेला. एका पाकिस्तानी महिलेस वास्तव्याचा परवाना मिळवून दिल्याचा त्यात उल्लेख होता आणि त्यावर टाळ्या पडल्या. उत्कृष्ट प्रात्यक्षिकासाठी पुंजारामला बक्षीस मिळाले. तो व्यासपीठावर आला, गेला. कमरू बसली होती त्या बाजूला त्याने पाहिले नाही. पुढच्या रांगेत त्याची आई, दगडाबाई, ठेवणीतले लुगडे नेसून बसली होती. लेकाच्या बक्षिसासाठी सकाळच्या बसने आले, सांजेच्या बसने परत जाणार, असे ती शेजारणीला सांगत होती आणि ते कमरूच्या कानावर पडले होते. मुलाचे नाव पुकारले तेव्हा तिने पदर तोंडावर धरला.

मग सूत्रसंचालक म्हणाला, “आता आपल्या माहेरवाशिणीचा महाविद्यालयातर्फे सन्मान.” तबकात लुगडे, चोळीचा खण आणि नारळ होता.

आपल्याकडे लेक सासरी निघाली की माहेर तिला रिकाम्या हाताने धाडत नाही. लुगडे-चोळी देऊन निरोप देतात. त्याला बोळवण म्हणतात. देणाऱ्यांच्या मनात वाकडे नव्हते. ‘माहेर’ हा शब्द त्यांच्या अहवालात होता, त्यावरून कुणाला तरी ही कल्पना सुचली होती. पण कमरूने तबक पाहिले आणि ओळखले. तिच्या बापाने मुंबईच्या धक्क्यावर असेच लुगडे तिच्या हातात ठेवले होते.

तिने तबक घेतले, कपाळाला लावले. सूत्रसंचालकाने दोन शब्द बोलायला सांगितले.

“तुमी मानानं दिलं, म्या मानानं घेतलं,” ती म्हणाली. “पन ही बोळवन हाय. जी जानार, तिला देत्यात. म्या जानार नाय.”

सभेत थोडे हसू झाले. म्हातारी गमतीने बोलते असे लोकांना वाटले. काकासाहेब हसले नाहीत. ती सावकाश पायऱ्या उतरली, पुढच्या रांगेशी आली आणि तबक दगडाबाईच्या मांडीवर ठेवले.

“तुमी आज आल्या, सांजंला जानार. हे तुमचं.”

दगडाबाई गडबडून उभी राहिली. तिने कमरूचा हात धरला. तिच्या मागे पुंजाराम येऊन थांबला होता, काखेत बक्षिसाचे पुडके. “बाई, लेक माझा तुमचं लई नाव काढतो. फूफीनं हे वाढलं, फूफी आसं म्हनली. म्या म्हनलं, कोन ही माझ्या लेकराला जीव लावनारी, एकदा डोळ्यांनी बघावी. तुमचं काम त्यानंच केलं म्हनं. कसा हाय वो माझा लेक?”

एक वाक्य पुरले असते. मांडव भरलेला होता, आई समोर होती, आणि खरे सांगण्यात पाप नव्हते. पुंजारामने त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. त्या विनवणीने कमरूच्या उरात उरलेसुरले जे होते तेही विझले. कारण तो अजूनही तिच्याकडे मागतच होता, देण्यासाठी आला नव्हता.

“हुशार हाय,” ती म्हणाली.

आईचे कान दुसऱ्या शब्दाची वाट पाहत राहिले. दगडाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. हुशार म्हणून झाल्यावर माणसे आणखी काहीतरी म्हणतात. कमरूने तिचा हात हलकेच सोडवला आणि ती चांदपाशासोबत मांडवाबाहेर पडली.

वर्ष उलटले. केंद्रात नवी मुले आली आणि कमरूचा कागद चतुरा नावाच्या मुलीकडे गेला. ती कन्नड तालुक्यातली, बारीक चणीची, फार प्रश्न विचारणारी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “फूफी, मी सगळं वाचलंय.”

“फूफी नको म्हनू,” कमरू म्हणाली. “बाई म्हन. म्या सांगते, तू लिही, आन लिहिलं ते मला वाचून दाखव.”

चतुराने तसेच केले. प्रत्येक वाक्य लिहून वाचले. कमरूने तिला पाणी दिले, चहा दिला; समोर बसून जेवू घातले नाही. चतुराने कायदा धुंडाळला आणि तिला एक वाट दिसली. जुन्या निवेदनातला शब्द आपण घातला, असे लिहिणाऱ्याने शपथेवर सांगितले, तर अर्ज फेरविचाराला घेता येईल. पुंजारामला तोवर सनद मिळाली होती. न्यायालयाच्या आवारात लिंबाखाली त्याचे टेबल होते, टेबलामागे पाटी होती. आता त्याचे वर्ष जाण्याजोगे नव्हते, गुण जाण्याजोगे नव्हते. चतुरा त्याच्याकडे गेली आणि दुपारी उतरलेल्या तोंडाने परत आली.

“काय म्हनला?” कमरूने विचारले. तिने विचारू नये असे ठरवले होते.

“म्हणाले, पाहू.”

“बसायला सांगितलं का तुला?”

“नाही. अशील आले होते त्यांच्याकडे. मी पुन्हा जाते ना, बाई. चार वेळा जाईन.”

“नको,” कमरू म्हणाली. “त्याला येनं असतं तर त्याला वाट ठावं हाय.”

चतुराच्या डोळ्यांत पाणी आले. जमिलाने तिला आत नेले आणि म्हणाली, “रडतीस काय? तूबी उद्या वकील व्हशील, तवा पाहू म्हनू नको म्हंजी झालं.”

दुसऱ्या दिवशी परवान्याची मुदत वाढवायची होती. चांदपाशाने दुकानाला कुलूप लावले आणि भाऊबहीण कचेरीत गेले. बाकावर परदेशी माणसे बसली होती. वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहायला आलेली, मुक्काम वाढवू पाहणारी, पाठीवर मोठाल्या पिशव्या. कमरू त्यांच्याच रांगेत टेकली. शेजारच्या गोऱ्या बाईने तिच्याकडे पाहून ओळखीचे हसू केले आणि खुणा करत, मोडक्या हिंदीत विचारले, आपण कोणत्या देशाच्या?

“बिडकीन,” कमरू म्हणाली.

गोरी बाई मान हलवून विचारात पडली. ते कुठे येते, हे तिला आठवेना. तेवढ्यात आतून शिपायाने पुकारा केला, “पाकिस्तानवाली बाई.” कमरुन्निसाने ओढणी सारखी केली आणि ती उठली.